डाळिंबाचं पान आणि तपकिरी डीएनए

सोलापूर

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

डाळिंबावर काम घेतलंस, फार बरं वाटलं. सांगोल्याची बाग पहाटे गाठली तर दुपारी तू प्रयोगशाळेत असशील. केगावला विद्यापीठाजवळच राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. झाड खरंच भगवा जातीचं आहे का, याची खात्री तिथे विचारून कर.

पण डीएनए काढायला हे पान हट्टी. त्यात टॅनिन आणि इतर फिनॉल भरपूर. पेशी फुटल्या की ती ऑक्सिडाइझ होऊन डीएनएला चिकटतात, शेवटी नळीच्या तळाशी बसणारी डीएनएची गोळी तपकिरी येते आणि पीसीआर, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणं, अडतो. मग मुलं प्रायमर, म्हणजे प्रत कुठून सुरू करायची ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे, बदलत बसतात. खोट बहुतेकदा त्याआधीची असते, पान तोडल्यापासून बफरमध्ये पडेपर्यंतची.

शेंड्याची तांबूस, कोवळी पानंच घे आणि लगेच बर्फाच्या डब्यात टाक. एप्रिलमध्ये इथल्या बंद गाडीत तासभर ठेवलेलं पान वाया गेलंच समज. खल आधी द्रव नायट्रोजनने गार कर, मग 100 मिलिग्रॅम पान वाट. भुकटी कोरडी, पिठासारखी हिरवी हवी. ओलसर, काळपट दिसली तर फेकून दे. ती पुढे सुधारत नाही.

700 मायक्रोलिटर सीटॅब बफर, म्हणजे पेशी फोडणारं साबणासारखं द्रावण, 65 अंश सेल्सिअसला आधीच तापवून ठेव. त्यात 2 टक्के पीव्हीपी हे पॉलिमर हवं, ते फिनॉलला धरून ठेवतं. ऑक्सिडेशन रोखणारं मरकॅप्टोइथेनॉल ऐनवेळी घाल, तेही फ्यूम हूडमध्येच. भुकटी त्यात 65 अंशांना पाऊण तास ठेव, मग प्रथिनं वेगळी करायला क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोल 24:1. इथे सेंट्रिफ्यूज 4 अंशांवर लावू नकोस, गारठ्यात सीटॅब साकळतं. डीएनए असलेला वरचा थर काढताना मधल्या पांढऱ्या पापुद्र्याजवळचा थोडा द्रव सोडूनच दे. हाव केलीस की सगळी घाण सोबत येते. पुढे डीएनए खाली बसवायला त्या द्रवाच्या 0.7 पट आयसोप्रोपेनॉल, 70 टक्के इथेनॉलने धुणं. गोळी पार कडकडीत वाळवू नकोस, विरघळता विरघळत नाही.

शुद्धता तपासताना 260/280 गुणोत्तर (260 आणि 280 नॅनोमीटरच्या प्रकाशाच्या शोषणाचं) 1.8 आलं म्हणून निर्धास्त होऊ नकोस. 260/230 पाहा, ते 1.5च्या खाली असेल तर पॉलिसॅकराइड, फिनॉल किंवा क्षार उरलेत. पीसीआर चालला नाही तर प्रायमरला हात लावण्याआधी डीएनए दहापट पातळ करून बघ. जेलवर डीएनएचा पट्टा उमटला, तर अडथळा अशुद्धीचाच होता.

नळीच्या झाकणावर आणि अंगावर, दोन्हीकडे क्रमांक लिही. इथेनॉलने मार्करची शाई पुसली जाते. पहिल्या चार नमुन्यांचा जेलचा फोटो पाठव, मग बोलू.