वजनाचा काटा अकरा आठवडे जागचा हलेना

प्रश्न : ताई नमस्कार. मी सांगलीची, वय ४२, एका शाळेत क्लार्क आहे. मागच्या वर्षी शुगर बॉर्डरवर आली, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ६.३. डॉक्टर म्हणाले आत्ताच मनावर घ्या नाहीतर गोळ्या सुरू होतील. तेव्हा वजन होतं १०६. दुसऱ्या दिवसापासून पहाटे आमराईत चालायला लागले, साखरेचा चहा बंद, रात्रीचा भात बंद, बाहेरचं खाणं जवळजवळ बंदच, आणि १६ महिन्यांत ८४ वर आले. सगळे विचारायचे काय केलंस गं, फार बरं वाटायचं. पण गेले अकरा आठवडे काटा तिथेच अडलाय, ८४.२, ८३.८, ८४.५, परत ८४. खाते तेच, चालते तेवढंच. आता कुणी विचारत पण नाही, उलट जाऊबाई म्हणतात चेहरा पार उतरलाय, आजारी दिसतेस, पुरे कर. पहाटे अलार्म वाजला की बंद करून परत झोपते. परवा एका बारशाला सहा जिलब्या खाल्ल्या आणि घरी येऊन रडले. मला ६० वर यायचंय. पहिल्यासारखं मोटिव्हेशन कुठून आणू?

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकच शोधत होते, आता तुमची शुगर किती आहे? ते तुम्ही लिहिलंच नाहीये. ज्याच्यासाठी हे सगळं सुरू केलं तेच पत्रातून गळलं आणि काटा तेवढा उरला. तर पहिलं काम, या आठवड्यात एचबीएवनसी करून घ्या, आणि त्याच रक्तात थायरॉइडही बघायला सांगा.

हे का म्हणतेय ते सांगते. अमेरिकेत शुगर बॉर्डरवर असलेल्या तीन हजारांहून जास्त लोकांवर एक मोठा अभ्यास झाला होता, २००२ साली त्याचे निष्कर्ष आले. त्यातल्या एका गटाला सांगितलं होतं वजन ७ टक्के कमी करा आणि आठवड्याला १५० मिनिटं चाला, बास एवढंच. नुसत्या सल्ल्यावर सोडलेल्या गटाच्या तुलनेत त्यांच्यात डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी निघालं. १०६ चे ७ टक्के म्हणजे साधारण साडेसात किलो. तुम्ही २२ उतरवलेत ताई, जवळपास तिप्पट. म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेलं काम तुम्ही कधीच केलंय, आणि तुम्ही रडताय ते कुठून तरी मनात बसलेल्या ६० च्या आकड्यासाठी.

आता काटा का अडला. गाडीतलं वजन उतरवलं की पेट्रोल कमी लागतं, तसंच शरीराचं. तुमचा पाचवा हिस्सा भार गेला, म्हणजे आमराईतल्या त्याच फेऱ्यांना आता साधारण पाचवा हिस्सा कमी इंधन लागतं. सोळा महिन्यांपूर्वी जे जेवण १०६ किलोला कमी पडत होतं ते ८४ किलोला बरोबर पुरतंय. तुमची काहीच चूक झालेली नाही, हिशोब जुळलाय फक्त. आणि एवढ्यावर थांबत नाही, शरीर स्वतःहून पण ब्रेक लावतं. अमेरिकेत वजन उतरवण्याची एक टीव्ही स्पर्धा होती, त्यातल्या १४ जणांना सहा वर्षांनी परत तपासलं, २०१६ मध्ये ते छापून आलं. तर त्यांचं शरीर बसल्या जागी जेवढं इंधन वापरायला हवं होतं त्यापेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमीच वापरत होतं, सहा वर्षांनंतरसुद्धा! बहुतेकांचं वजन बरंचसं परत आलं होतं. ज्यांनी टिकवलं ते बाकीच्यांपेक्षा खूप जास्त हालचाल करणारे होते. ऑस्ट्रेलियातल्या अशाच एका अभ्यासात वजन उतरवून वर्ष झालं तरी लोकांच्या शरीरातली भूक वाढवणारी हार्मोन्स चढलेलीच सापडली. त्यामुळे बारशात जिलबीचं ताट समोर आल्यावर जे झालं त्याला कृपा करून इच्छाशक्ती कमी पडली असं म्हणू नका, तुमचं शरीर गेलेलं परत मागतंय आणि ते सगळ्यांचंच मागतं. सोळा महिन्यात एक दिवस सहा जिलब्या. दुसऱ्या दिवशी उपाशी राहून शिक्षा केली नाहीत ना? ती करू नका, नेहमीसारखं जेवा आणि पुढे चला.

मोटिव्हेशनचं खरं सांगू का, ते लग्नघरातल्या धामधुमीसारखं आहे. चार दिवस काय उत्साह असतो, मग मांडव उतरतो, पाहुणे जातात आणि भांडी घासायची राहतात. पहिले सहा महिने दर आठवड्याला काटा खाली, कपडे सैल, रस्त्यात लोक ओळखेनात, तो मांडवच होता. तो परत पडायचा नाही, त्याची वाट बघू नका. आता भांडी कशी घासायची तेवढं बघायचं, म्हणजे मन नसलं तरी काम होईल अशी सोय करून ठेवायची. पहाटे उठवत नाही ना, मग अलार्म स्वयंपाकघरात ठेवा, बूट मोजे रात्रीच दाराशी काढून ठेवा, आणि आमराईत रोज दिसणाऱ्या एखाद्या बाईला सरळ सांगा की मी सहाला गेटवर उभी असते. आपली कुणी वाट बघतंय म्हटलं की पाय आपोआप निघतात, स्वतःसाठी नाही निघत, हे मी माझ्याच बाबतीत शेकडो वेळा बघितलंय.

जेवणात दोनच बदल सुचवते. एक, तेल मोजा. तुमच्याकडे चार माणसं धरली आणि महिन्याला पाच लिटरचा डबा लागत असेल तर माणशी रोजचं तेल जातं जवळपास ३८ ग्रॅम, म्हणजे ३४० कॅलरी नुसत्या तेलाच्या. डब्यावर तारीख लिहा आणि तो तीन लिटरवर आणा, माणशी रोज १३५ कॅलरी कमी होतील आणि ताटातला एक घासही कमी करावा लागणार नाही. फोडणी पळीने घालायची सवय असेल तर चमचा घ्या. दुसरं, रात्रीचा भात बंद केलात त्याच्या जागी काय आलं? नुसती भाकरी भाजीच ना? मटकीची उसळ, घट्ट वरण, अंडी, दही, यातलं काहीतरी दोन्ही वेळच्या ताटात हवंच, नाहीतर चरबीबरोबर स्नायूपण झिजतो. आणि नुसतं चालून स्नायू राहत नाही हो. आठवड्यातून दोनदा वजन उचलायचा व्यायाम लागतो, जिम नको असेल तर खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठबस, भिंतीला हात लावून पुशअप, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या, एवढ्याने सुरुवात होते. संकष्टी, एकादशीचा उपवास करत असाल तर त्या दिवशी साबुदाण्याच्या खिचडीचं प्रमाण बघा, एकादशी अन् दुप्पट खाशी आपल्या घरात उगाच म्हणत नाहीत.

आणि हे सगळं करूनही मी म्हणेन पुढचे दोन महिने वजन कमी करायचंच नाही असं ठरवा. ८४ वर राहायचं, ८५ च्या वर जायचं नाही, एवढंच काम. वजन टिकवणं ही वेगळी विद्या आहे आणि ती कुणी शिकवत नाही, सगळे उतरवायलाच शिकवतात. आठवड्यातून एकदाच काट्यावर उभं राहा, ठरलेल्या वारी, सकाळी. एक दीड किलो इकडे तिकडे होणं हे पाणी असतं, पाळीच्या आधी असतं, आदल्या दिवशीच्या पापड लोणच्याचं असतं. मग पुढचा आकडा ८०. साठचं नाव तोपर्यंत काढू नका.

माझं सांगते. नऊ वर्षांपूर्वी मी ९४ होते, आता ७१-७२ च्या आसपास असते. तेव्हा सगळे ब्लाउज आत घालायला शिंप्याकडे घेऊन गेले. त्याने एक उलटा करून आतली शिवण दाखवली, दोन्ही बाजूंना दोन दोन बोटं कापड जमलं होतं, म्हणाला ताई माया फार झालीय, टोचेल, कापून टाकू का? मी क्षणभर विचार केला आणि म्हटलं राहू दे. तेव्हा मला त्याची लाज वाटली होती, जणू मी आधीच हार मानून ठेवली. दोन वर्षांनी आईच्या आजारपणात माझं चार किलो वाढलं आणि तीच एक शिलाई उसवून मी त्याच ब्लाउजात हॉस्पिटलमध्ये जात होते. पाच महिन्यांनी परत आत घातले. तुमचे ब्लाउज आत घाला ताई, अजून सैलच घालत असाल तर उद्याच टाका शिंप्याकडे, पण माया कापू नका.

जाऊबाईंना रिपोर्ट दाखवा. चेहरा भरण्यापेक्षा शुगर उतरलेली बरी, हे त्यांनाही कळेल. आणि रिपोर्ट आला की मलाही कळवा, मी खरंच वाट बघतेय.

प्रश्न : मी डोंबिवलीचा, वय २९, उंची ५ फूट ८ इंच, वजन १२८. रोज लोकलने येऊन जाऊन तीन तास जातात. दर सोमवारी डाएट सुरू करतो, गुरुवारी संपतं. जिने चढताना गुडघे दुखतात. मित्राने एका पावडरचं पॅकेज सांगितलंय, महिन्यात १५ किलो. आणि ती वजन कमी करायची नवीन इंजेक्शनं कशी आहेत? घेऊ का?

उत्तर : दादा, पॅकेज घेऊ नका. महिन्यात १५ किलो गेले तर त्यात स्नायू आणि पाणी भरपूर असणार, आणि इतक्या झपाट्याने वजन उतरलं की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. इंजेक्शनं खरी औषधं आहेत, मार्च २०२५ पासून भारतातही मिळायला लागलीत, वजन उतरतं त्याने. पण त्यातल्याच सेमाग्लुटाइड नावाच्या औषधाच्या एका अभ्यासात औषध बंद केल्यावर वर्षभरात गेलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला, त्यामुळे हा चार महिन्यांचा उपाय नाही, आणि तो मित्राच्या सांगण्यावरून तर अजिबातच नाही. एन्डोक्रायनॉलॉजिस्टला, म्हणजे हार्मोन्सच्या डॉक्टरांना भेटा. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ४३ च्या जवळ आहे, आपल्या लोकांमध्ये २५ लाच लठ्ठपणा धरतात, त्यामुळे औषध किंवा ऑपरेशन याबद्दल डॉक्टरांशी बोलण्यात कसलाही कमीपणा नाही. जाताना हेही सांगा की झोपेत घोरता का, दिवसा लोकलमध्ये बसल्या बसल्या डुलकी लागते का. झोपेत श्वास अडत असेल तर दिवसभर थकवा आणि भूक दोन्ही वाढतात, मग गुरुवारपर्यंत डाएट टिकणार कसं.

सोमवारची सगळी यादी फाडून टाका. एकच धरा, संध्याकाळी स्टेशनबाहेर जे खाल्लं जातं तेच. घरी पोचेपर्यंत भूक मारायला डब्यात दोन उकडलेली अंडी किंवा फुटाणे ठेवा आणि ते गाडीत चढायच्या आधी खा, भुकेल्या पोटी वडापावच्या गाडीसमोरून कुणीच नुसतं जाऊ शकत नाही. हे तीन आठवडे जमलं की दुसरं. आणि गुडघ्यांचं ऐका, एक किलो कमी झालं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा साधारण चार किलो भार कमी होतो असं मोजलं गेलंय. म्हणजे पहिले पाच किलो उतरले की जिन्यावर तुम्हाला स्वतःलाच कळेल, काट्याला विचारायला नको.

प्रश्न : चार महिन्यात १४ किलो कमी केलं पण आता केस मूठमूठ गळतायत. परत खायला सुरुवात करू का? (नाशिकहून एक भगिनी)

उत्तर : घाबरू नका, झपाट्याने वजन उतरलं की दोन तीन महिन्यांनी केस गळतात आणि बहुतेकींचे काही महिन्यांत परत येतात. मात्र हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्या, आणि चार महिने नेमकं काय काय खात होतात ते वारानुसार लिहून पाठवा, मुलांच्या ताटातलं उरलेलं खाल्लं असेल तर तेही लिहा.