तंतुकणिकेपासून मायटोकॉन्ड्रियापर्यंत

प्रश्न : मी निफाड तालुक्यातील असून दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. आता नाशिकच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी विज्ञानाला आहे. जीवशास्त्र पूर्णपणे इंग्रजीतून आहे. 'पुस्तकातली ओळ न ओळ पाठ करा' असे क्लासमध्ये सांगतात. मी पाठ करते, पण आठवडाभरात सारे विसरते. माझी चित्रकलाही बेताचीच आहे. हा विषय मला झेपेल का? नीटची परीक्षा मराठीतून द्यावी का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : क्लासमध्ये मिळालेला सल्ला अगदीच चुकीचा नाही. नीटच्या १८० प्रश्नांपैकी ९० प्रश्न, म्हणजे ७२० पैकी ३६० गुण, एकट्या जीवशास्त्राचे असतात आणि त्यांतील बरेचसे प्रश्न एनसीईआरटीच्या पुस्तकातील वाक्यांवरच बेतलेले असतात. चूक आहे ती क्रमाची. प्रक्रिया समजण्याआधी तिच्यातील नावे पाठ केली, तर ती टांगायला खुंटीच नसते आणि आठवड्याने ती गळून पडतात.

मराठी माध्यमातून आल्यामुळे तू मागे पडली आहेस, हा समज तर आधी सोडून दे. दहावीपर्यंत तू 'तंतुकणिका' हा शब्द शिकलीस. 'मायटोकॉन्ड्रिया' या शब्दातील मूळ ग्रीक शब्दांचा अर्थही तंतू आणि कण असाच आहे. 'एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम'मधील 'रेटिक्युलम' म्हणजे लहान जाळे. म्हणून ती आपल्याकडे 'आंतर्द्रव्यजालिका' झाली. इंग्रजी माध्यमाच्या मुलाला हे शब्द बहुधा निव्वळ ध्वनी म्हणून घोकावे लागतात, तुला मात्र त्यांचा अर्थ आधीच ठाऊक आहे. वहीच्या एका बाजूला इंग्रजी संज्ञा आणि समोर दहावीतील मराठी संज्ञा अशी यादी स्वतःच्या हाताने कर. ती छापील आणू नकोस.

धडा वाचताना प्रत्येक टप्प्यावर 'हे झाले नाही तर काय होईल' असे विचारत जा. ग्लुकोजचे पायरुविक आम्लात रूपांतर पेशीद्रवात होते आणि क्रेब चक्र तंतुकणिकेत चालते, हे तू दहावीत वाचले आहेस. मग माणसाच्या परिपक्व तांबड्या रक्तपेशीत तंतुकणिका नसतात, तर तिला ऊर्जा कोठून मिळते? केवळ ग्लायकोलायसिसमधून, म्हणजे पेशीद्रवातल्या त्याच पहिल्या टप्प्यातून. थोडक्यात, ऑक्सिजन वाहून नेणारी पेशी स्वतःच्या ऊर्जेसाठी तो वापरतच नाही. एवढा एक प्रश्न स्वतः सोडवला की कोणती क्रिया कोठे घडते, हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

बारावीत वनस्पतींच्या वाढीवरचा धडा येईल आणि तिथे तू शहरातील मुलांच्या पुढे असशील. निफाडकडे द्राक्षबाग ठाऊक नसलेले घर विरळाच. ऑक्टोबर छाटणीनंतर घड धरले की ते जीएच्या द्रावणात बुडवतात, हे तू पाहिले असशील. जीए म्हणजे जिबरेलिक आम्ल. भाताची रोपे अवास्तव उंच वाढवणाऱ्या एका रोगाचा अभ्यास करताना जपानी शास्त्रज्ञ कुरोसावा यांनी १९२६ मध्ये दाखवून दिले, की हा परिणाम बुरशीने तयार केलेल्या द्रव्यामुळे होतो. पुढे त्यालाच जिबरेलिन हे नाव मिळाले. आता हे द्रव्य द्राक्षाला बाहेरून का द्यावे लागते? वाढत्या बिया स्वतः जिबरेलिन तयार करतात आणि त्यामुळे फळ फुगते. थॉम्पसन सीडलेस या बिनबियांच्या द्राक्षात बी अगदी लहानपणीच खुरटते, हा पुरवठा तुटतो आणि मणी बारीक राहतो. ती उणीव शेतकरी भरून काढतो.

येथे थोडे विषयांतर करतो. बिनबियांचे द्राक्ष हे पुष्कळ पुस्तकांत पार्थेनोकार्पीचे, म्हणजे फलन न होताच फळ धरण्याचे, उदाहरण म्हणून दिलेले असते. थॉम्पसनच्या बाबतीत ते काटेकोरपणे खरे नाही. तिथे फलन होते आणि नंतर भ्रूणाची वाढ थांबते, ज्याला स्टेनोस्पर्मोकार्पी म्हणतात. एखादा मणी चिरून पाहिलास, तर खुरटलेल्या बीचा अंश सापडेलही. परीक्षेत मात्र पुस्तकात असेल तेच लिही. तपासनिसाशी वाद घालण्याची ती जागा नव्हे.

आकृतीसाठी चित्रकला लागत नाही. छायांकन करायचे नसते. प्रमाण ठीक हवे, रेघ एकसंध हवी आणि नावे अचूक जागी हवीत. पाठकोऱ्या कागदावर पुस्तक मिटून आकृती काढ, मग पुस्तक उघडून चुका लाल पेनने दुरुस्त कर आणि तीच आकृती तीन दिवसांनी पुन्हा काढ. बोर्डाच्या शंभर गुणांपैकी तीस प्रात्यक्षिकाचे असतात, त्यामुळे जर्नलमधील आकृत्या मैत्रिणीच्या वहीतून उतरवण्यापेक्षा सूक्ष्मदर्शकाखाली दिसले तेच काढणे कधीही बरे.

राहिला भाषेचा प्रश्न. मराठी निवडल्यास नीटची प्रश्नपत्रिका मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत मिळते; मात्र भाषांतरात संदिग्धता आढळली, तर इंग्रजी मजकूर ग्राह्य धरतात. दोन वर्षे इंग्रजी पुस्तके वाचल्यावर मराठी प्रश्न तुला कदाचित अधिक अवघड वाटेल. समज मराठीत आणि उत्तर इंग्रजीत, हेच मी सुचवेन.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीला गणित सोडून केवळ जीवशास्त्र ठेवू म्हणतो. पुढे नीटमध्ये जमले नाही, तर वाटा बंद होतील का?
– एक पालक, नाशिक रोड

उत्तर : अभियांत्रिकीची वाट बहुतांशी बंद होईल, हे आपण धरून चालावे. औषधनिर्माणशास्त्र व कृषी पदवीच्या वाटा जीवशास्त्र गटाच्या राज्य सीईटीतून खुल्या राहतात. या सीईटीत जीवशास्त्राचे शंभर प्रश्न असतात, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत आणि बहुतेक भर बारावीवर असतो. दहावीला गणितात मुलाची दमछाक झाली असेल, तर सोडू द्यावे. गुण चांगले असतील, तर निदान पहिली सहामाही दोन्ही विषय ठेवून पाहावेत. आनुवंशिकतेच्या धड्यात ९:३:३:१ हे मेंडेलचे गुणोत्तर येते. एका लक्षणाचे ३:१ हे गुणोत्तर दोन वेळा घेऊन त्यांचा गुणाकार केला की तेच मिळते आणि संभाव्यता कळलेल्या मुलाला ते काढण्याचा चौकटींचा तक्ता पाठ करावा लागत नाही.