केनियाला सेवेसाठी निघालेल्या आमच्या नऊ जणांच्या वाटेत काय काय अडलं

तुम्ही विचारलंय की अंबाजोगाईच्या तुमच्या मंडळीतले बारा जण डिसेंबरात केनियाला सेवेसाठी चाललेत, सगळ्यांचा पहिलाच परदेश प्रवास आहे, तर वाटेत नेमकं काय बिघडतं हे कुणी जाऊन आलेल्याने सांगावं.

मी जालन्याची. पेशाने परिचारिका, मंडळीत संडे स्कूल घेते. काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये, तिकडच्या शाळांना सुट्टी असते तेव्हा, मुलांची बायबल शाळा घ्यायला आम्ही नऊ जण केनियातल्या किसुमू शहराला गेलो होतो. गटाची जबाबदारी माझ्याकडे होती. आमचं जे जे अडलं ते सांगते, त्यातलं बरंचसं तुम्हाला आजच टाळता येईल.

निरोपाच्या उपासनेत आमच्या पाळकसाहेबांनी रेव्ह. नारायण शेषाद्रींची आठवण काढली होती. जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती लोकांचं गाव वसवणारे तेच. १८७३ मध्ये इव्हँजेलिकल अलायन्स या ख्रिस्ती संघटनेच्या सभेसाठी ते बोटीने न्यूयॉर्कला गेले होते. तेव्हाचा प्रवास आठवड्यांचा, आपला एका रात्रीचा, असं पाळकसाहेब म्हणाले. आम्हाला किसुमूला पोचायला पाच दिवस लागले, आणि आमच्यातल्या दोघांना सात.

पहिली अडचण घाटातच आली. रात्री जालन्याहून मुंबईची गाडी धरली. पहाटे इगतपुरीला गाडी थांबली ती हलेना. कसाऱ्याच्या खाली रुळावर दरड आली होती. अकरा वाजेपर्यंत वाट पाहिली, मग स्टेशनबाहेर दोन जीप ठरवल्या. पाऊस, भिवंडीजवळची कोंडी, असं करत संध्याकाळी सातला विमानतळ गाठला. आमचं विमान मध्यरात्रीनंतरचं होतं म्हणून निभावलं. पाळकसाहेबांनी हट्टाने एक दिवस आधीची गाडी घ्यायला लावली होती. एका दिवसाचा खर्च उगाच वाढतो म्हणून आम्ही काही जण कुरकुरलो होतो, ते मला नंतर फार लागलं. तुमच्या वाटेला डिसेंबरात दरडी नसतील, पण धुकं आणि उशिराच्या गाड्या असतातच. एक पूर्ण दिवस हाताशी ठेवा.

आता जे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते.

आमच्यात एक मावशी होत्या, वय बासष्ट. चाळीस वर्षं संडे स्कूलमध्ये मुलांना गोष्टी सांगितलेल्या. किसुमूला जायची खरी तळमळ त्यांचीच होती, बाकीचे आम्ही त्यांच्यामुळे तयार झालो. त्यांच्या पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी होती आणि स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव असं सगळं नावाच्या रकान्यात एका ओळीत छापलेलं होतं. आपल्याकडे जुन्या कागदांवरून पासपोर्ट निघाला की असं पुष्कळांचं होतं. तिकीट काढणाऱ्याने मात्र आपल्या मनाने आडनाव वेगळं केलं आणि मधलं नाव गाळलं. तिकीट माझ्या हातात महिनाभर होतं. तारीख पाहिली, वेळ पाहिली, बॅगेचं वजन पाहिलं. नाव पासपोर्टशी अक्षर अन् अक्षर जुळवून पाहिलं नाही.

काउंटरवर त्यांना थांबवलं. नाव जुळत नाही, दुरुस्त करून आणा. रात्रीचे अकरा वाजलेले, तिकीटवाल्याचा फोन बंद. तासभर विनवण्या केल्या. शेवटी ठरवावं लागलं, आणि ते तिथं उभ्या उभ्या, वीस मिनिटांत ठरवावं लागलं. मावशींजवळ आमच्यातला एक तरुण मुलगा थांबला आणि आम्ही सात जण आत गेलो. मावशी मला म्हणाल्या, "जा बाई, लेकरं वाट पाहत असतील." मी गेले. गटाची प्रमुख मी होते, थांबायला मी हवं होतं, असं मला आजही वाटतं. नाव दुरुस्त होऊन, बदलाचे पैसे भरून ते दोघं दोन दिवसांनी निघाले. पण त्या रात्री विमानतळाबाहेर एका बाकावर बसून काढलेला वेळ मावशींनी मला कधी सांगितला नाही. तो मुलाने सांगितला.

म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते. आजच्या आज बाराही पासपोर्ट एका टेबलावर मांडा. प्रत्येकाचं नाव जसं छापलंय तसंच तिकिटावर आहे का, हे एकाने मोठ्याने वाचावं आणि दुसऱ्याने बोट ठेवून पाहावं. वयस्कर बायकांचे पासपोर्ट दोनदा पाहा. आडनाव रिकामं असेल तर वाटेत विमान कुठे बदलणार हेही विचारा. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून फक्त एकच नाव असलेल्या पासपोर्टवर पर्यटक म्हणून येऊ द्यायचं थांबवलंय. आणि कुणाला अडवलं तर त्याच्याजवळ कोण थांबणार, हे अंबाजोगाईतच ठरवून घ्या. काउंटरवर ते ठरवायची वेळ कुणावर येऊ नये.

आत इमिग्रेशनवर दुसरा प्रकार झाला. "कशासाठी चाललात?" या प्रश्नाला आमच्यातल्या तिघांनी तीन उत्तरं दिली. एक म्हणाला फिरायला, एक म्हणाली चर्चला, आणि आमचे एक काका म्हणाले, "कामाला." त्यांच्या मनात देवाचं काम होतं. पण त्यांचं शिक्षण सातवीपर्यंत, त्यामुळे पासपोर्टवर ईसीआर. म्हणजे ठरावीक देशांत नोकरीला जायचं तर त्यांना सरकारची परवानगी लागते. केनिया त्या यादीत नाही, पण "काम" हा शब्द ऐकल्यावर अधिकारी चौकशी करणारच, ते त्यांचं कर्तव्य आहे. काकांना बाजूला बसवलं. किसुमूच्या मंडळीचं निमंत्रणपत्र आणि परतीचं तिकीट दाखवल्यावर पाऊण तासाने सोडलं. ही कागदं प्रत्येकाच्या हातात एकेक प्रत असू द्या, प्रमुखाच्या पिशवीत सगळी नकोत.

याच ठिकाणी एक गोष्ट स्पष्ट बोलते. पुष्कळ जण सल्ला देतात की सरळ "पर्यटक" म्हणून जा, कोण विचारतंय. तसं करू नका. केनियात धार्मिक सेवेसाठी वेगळा परवाना असतो आणि थोड्या दिवसांसाठी स्पेशल पास मिळतो. आमच्या यजमान मंडळीने तो आधीच काढून ठेवला होता. आम्ही गेलो तेव्हा ई-व्हिसा होता, जानेवारी २०२४ पासून त्याऐवजी ईटीए, म्हणजे प्रवासाआधी घ्यायचा परवाना आहे, तो ऑनलाइन काढायचा. पण ईटीए म्हणजे सेवेचा परवाना नाही. यजमानांना आजच विचारा की तुमच्यासाठी कोणता कागद ते काढतायत. सुवार्ता सांगायला निघालेल्या माणसाने दारातच खोटं बोलू नये, असं मला मनापासून वाटतं.

मध्ये विमान बदलताना आमचं पुढचं विमान चुकलं. पावसामुळे मुंबईहूनच उशीर झाला होता. तिथे एक रात्र गेली, त्याचं फार काही सांगण्यासारखं नाही. हातातल्या पिशवीत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी होती, त्यावर सात जणांचं रात्रीचं जेवण झालं.

नैरोबीला उतरलो तर दोन बॅगा आल्याच नाहीत. आणि थंडी! आफ्रिका म्हणजे ऊन, हे आम्ही जालन्यात धरूनच चाललो होतो. नैरोबी समुद्रसपाटीपासून सतराशे मीटरच्या वर आहे आणि जुलै-ऑगस्ट हे तिथले सगळ्यांत थंड महिने. होते नव्हते ते स्वेटर हरवलेल्या बॅगेत. तुमच्या डिसेंबरात एवढी थंडी नसेल, तरी संध्याकाळसाठी एक शाल हातात ठेवा.

स्वेटर विकत मिळतात. खरी काळजी वेगळी होती. त्याच बॅगेत दोघांची पिवळ्या तापाच्या लसीची कार्डं होती आणि मलेरियाच्या गोळ्या होत्या. परिचारिका असून मी हे होऊ दिलं, याचं मला वाईट वाटतं. पिवळ्या तापाचं कार्ड नसेल तर केनियाहून परत आल्यावर भारतात सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. लस घेतल्यावर कार्ड दहा दिवसांनी लागू होतं आणि आता ते आयुष्यभर चालतं. लस सरकारने नेमलेल्या केंद्रातच मिळते, आम्ही त्यासाठी पुण्याला गेलो होतो. साठीच्या पुढच्यांनी ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, त्या वयात दुष्परिणामांचा धोका जास्त असतो. मावशींच्या वेळी आम्ही तसंच केलं. किसुमू व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी आहे, तिथे मलेरिया आहे. त्याच्या गोळ्या निघण्याआधी सुरू कराव्या लागतात आणि परत आल्यावरही चालू ठेवाव्या लागतात. हे सगळं पासपोर्टबरोबर, अंगाजवळच्या पिशवीत.

बॅग आली नाही तर सामानाच्या हॉलमधून बाहेर पडू नका. तिथेच तक्रार लिहून द्या, क्रमांक घ्या, फोटो काढा. त्या दिवसांत घेतलेल्या गरजेच्या वस्तूंच्या पावत्या जपा. विमानप्रवासातल्या भरपाईचा मॉन्ट्रियल नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यानुसार बॅग उशिरा मिळाल्यास हाती आल्यापासून २१ दिवसांत आणि मोडतोड झाली असेल तर ७ दिवसांत लेखी तक्रार करायची असते. आम्ही केली, पावत्यांचे पैसे मिळाले.

तिथेच आमचं एक खोकंही अडलं. मंडळीने गोळा केलेले साठ नवे चष्मे होते, बिल कुणाकडे नव्हतं. कस्टम्सने शुल्क मागितलं, ते रास्त होतं. भेटवस्तू न्यायच्याच असतील तर यादी आणि बिलं बरोबर घ्या, नाहीतर तिथेच विकत घ्या. किसुमूला १९०१ मध्ये रेल्वे पोचली, ती बांधायला हजारो भारतीय मजूर गेले होते, आजही तिथे आपल्या लोकांची दुकानं आहेत. वह्या, पेनं, सगळं मिळतं. आणि प्लास्टिकच्या कॅरीबॅगा नेऊ नका. २८ ऑगस्ट २०१७ पासून केनियात त्यांवर बंदी आहे आणि दंड फार मोठा आहे. आमच्या बायकांनी चटण्या, कपडे, चपला सगळं कॅरीबॅगेतच बांधलं होतं, ते विमानतळावर बसून सोडावं लागलं. कापडी पिशव्या शिवून न्या.

आता एक घोटाळा असा, जो मला कुणीच आधी सांगितला नव्हता. किसुमूला न्यायला येणाऱ्या ड्रायव्हरदादांचा स्वाहिलीत निरोप आला, "केशो सा म्बिली." फोनवर भाषांतर केलं, उद्या दोन वाजता. आम्ही सकाळी बॅगांच्या चौकशीला विमानतळावर गेलो. ड्रायव्हरदादा आठ वाजता येऊन दोन तास थांबले आणि दुसरं भाडं घेऊन गेले. स्वाहिलीत तास सकाळी सहापासून मोजतात. सात वाजले की "एक", आठ वाजले की "दोन". दुसरी गाडी मिळेपर्यंत आणखी एक दिवस गेला. मला त्या रात्री झोप आली नाही. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आपण येशूच्या क्रुसाविषयी दरवर्षी वाचतो, सहाव्या तासापासून नवव्या तासापर्यंत अंधार पडला. तो दिवसही उजाडल्यापासूनच मोजलेला. जन्मभर वाचलेली गोष्ट, पण ती अजून चालत्या घड्याळात असेल असं मनात आलं नाही. वेळ ठरवताना "सकाळी की दुपारी, इंग्रजी घड्याळाने किती" असं दोनदा विचारा.

मावशी आमच्यानंतर दोन दिवसांनी किसुमूला पोचल्या. बायबल शाळा सुरू झाली होती. त्यांना ना इंग्रजी येत होतं ना स्वाहिली. तिथल्या एक शिक्षिका शेजारी उभ्या राहिल्या, मी मराठीचं इंग्रजी करायची, त्या इंग्रजीचं स्वाहिली. हरवलेल्या मेंढराची गोष्ट तीन भाषांतून जात होती आणि मुलं मात्र मावशींच्या हातांकडेच पाहत होती. बॅगा त्याच दुपारी आल्या, कार्डं सापडली.

तुमच्या बाराजणांत साठीच्या पुढचं कुणी आहे का, कुणाच्या पासपोर्टवर आडनाव रिकामं आहे का, ईसीआर आहे का, आणि विमान कुठे बदलणार, एवढं इथेच खाली लिहा. मी पाहून सांगते.