काळ्या मातीवरच्या घराचा पाया तपासायला आणि दुरुस्त करायला किती खर्च येतो?

समजा, तुमचं घर परभणीजवळ काळ्या मातीवर आहे. ३० बाय ४० फुटांचं, विटांचं, बैठं, अठरा वर्षं जुनं. खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरके तडे गेलेत, मागच्या खोलीचं दार घासतं आणि ठेकेदार म्हणतो, "सगळ्या घराचा पाया खालून नव्याने घेऊ, सहा लाख लागतील." माझं उत्तर असं: ते सहा लाख आत्ता देऊ नका. आधी ७ ते १८ हजार नीट तपासणीवर घाला. मग पाण्याचा बंदोबस्त करा, आणि एवढ्यावर भागलं नाही तरच पायाला हात लावा, तोही खचलेल्या भागापुरता. पुढचे सगळे आकडे ढोबळ आहेत. तालुक्यागणिक मजुरी आणि मुरमाचा भाव बदलतो.

काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते. घराखालची माती झाकलेली असल्याने तिचा ओलावा फारसा हलत नाही, हलतो तो कडेचा. म्हणून मे महिन्यात कोपरे खाली बसतात आणि पावसानंतर पुन्हा उचलले जातात. भिंत ही ये-जा सोसत नाही, फाटते. घराचं टोक बसलं असेल तर तडा वर रुंद आणि खाली बारीक असतो. मधला भाग बसला असेल तर उलटं. स्लॅबच्या लगत खालून गेलेला आडवा तडा बहुधा उन्हाने स्लॅब प्रसरण पावल्यामुळे असतो, तर कॉलम आणि विटांच्या सांध्यातली उभी बारीक रेघ जाळी न मारता प्लास्टर केल्यामुळे. या दोन्हींचा पायाशी संबंध नसतो, तरी त्यांच्या नावाखाली पायाचं काम गळ्यात मारलं जातं.

घरबसल्या करायचं काम फुकट आहे. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी खूण करून तारीख टाका. तड्याच्या दोन बाजूंना एकेक खिळा पक्का ठोका आणि दर महिन्याला व्हर्नियरने (बारीक अंतर मोजायच्या सरकत्या पट्टीने) दोन्ही डोक्यांमधलं अंतर मोजून वहीत लिहा. एटीएम कार्ड सुमारे पाऊण मिलिमीटर जाड असतं. ते तड्यात शिरत नसेल तर घाई नाही. रुंदी ५ मिलिमीटरच्या पुढे गेली किंवा दोन-तीन महिन्यांत वाढताना दिसली, तर इंजिनिअरला बोलावा. १५ च्या पुढे असेल तर वाट न पाहता त्या भिंतीला टेकू द्या.

स्ट्रक्चरल इंजिनिअरची भेट आणि लेखी अहवाल यांचे बैठ्या घराला साधारण ५ ते १२ हजार होतात, जीएसटी असेल तर १८ टक्के वेगळा. दुरुस्तीचा ठेका घेणाऱ्याकडून "मोफत तपासणी" करून घेऊ नका, त्याचं पोट दुरुस्तीवर असतं. इंजिनिअरने लेव्हल पाइपने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) जोत्याची पातळी चारही बाजूंनी घेतलीच पाहिजे. १० फुटांत १० मिलिमीटर फरक म्हणजे ३०० ला १. यापुढे विटांच्या भिंतीला तडे जातात असं धरतात. मात्र बांधतानाच जोतं वाकडं झालं असेल तर हा आकडा फसवतो, म्हणून विटांचा एखादा थर, खिडकीची चौकट आणि ओळंबा यांच्याशी तो ताडून पाहावा.

तपासणीतली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे बसलेल्या कोपऱ्याला लागून पायाच्या तळापर्यंत घेतलेला तीन बाय तीन फुटांचा खड्डा. दोन मजुरांची दिवसभराची मजुरी, दीड-दोन हजार. पाया मुरमावर टेकलाय की काळ्या मातीवरच, ते तिथे डोळ्यांना दिसतं. तळाची मूठभर माती इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत "फ्री स्वेल" चाचणीला द्या. एका नळीत पाणी, दुसरीत रॉकेल, दोन्हींत १०-१० ग्रॅम माती घालून चोवीस तासांनी तिच्या आकारमानातला फरक बघतात. ५० टक्क्यांच्या आत फुगवटा कमी, १०० च्या वर जास्त. खर्च काही शे ते हजार-दीड हजार. खोलवरची माती तपासायला यंत्राने बोअर मारायचं तर मशीन आणण्याचंच भाडं मोठं असतं. मजला चढवायचा नसेल तर तो खर्च टाळता येतो.

आता पाणी. रात्री सगळे नळ बंद करून टाकीची पातळी खूण करा. सकाळी उतरली असेल तर गळती शोधा. मोरीचा पाइप, सेप्टिक टाकी आणि पागोळ्यांचं पाणी पायाजवळ मुरतंय का ते पाहा. मग घराभोवती ६ फूट रुंद फरसबंदी करा: खाली मुरूम दाबून, त्यावर काँक्रीट, बाहेरच्या बाजूला ३० ला १ उतार आणि कडेला गटार. जोत्याशी काँक्रीट एकजीव करू नका, मध्ये फट ठेवून ती लवचीक सीलंटने भरा. तुमच्या घराला ही फरसबंदी सुमारे १,००० चौरस फूट भरते. १२० ते १८० रुपये दराने एक लाख वीस ते एक लाख ऐंशी हजार. पन्हळी आणि पाइपांचे ३० ते ५० हजार वेगळे. निलगिरी किंवा सुबाभूळ भिंतीजवळ असेल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय एकदम तोडू नका. झाड पाणी प्यायचं थांबलं की सुकलेली माती फुगून घर उचलते.

एक पावसाळा आणि एक उन्हाळा वहीतले आकडे स्थिर राहिले तर पायाचं काम नको. कोपरा तरीही बसत असेल तर अंडरपिनिंग, म्हणजे पायाखाली टप्प्याटप्प्याने मुरमापर्यंत नवं काँक्रीट. एक टप्पा ४ फुटांचा. ४ बाय ४ बाय ६ फूट खोदाई, म्हणजे जवळपास एक ब्रास (१०० घनफूट). ४ बाय ३ बाय २ फुटांच्या काँक्रीटला साडेपाच पोती सिमेंट, ४०-५० किलो सळई, वर मजुरी, टेकू आणि मुरमाचा भराव. एका टप्प्याला साधारण २० हजार, फुटाला ५ हजार. कोपऱ्याचे २० फूट म्हणजे पाच टप्पे, एक लाख. सगळं घर १४० फूट, म्हणजे सात लाख. ठेकेदाराच्या सहा लाखांचा हिशेब साधारण असाच लागतो, फक्त तुम्हाला अख्ख्या घराची गरज आहे का, हे त्याने तपासलेलं नाही.

या कामात तीन ठिकाणी घोटाळा होतो. शेजारशेजारचे टप्पे एकाच वेळी उघडले की भिंत अधांतरी राहते. आधी पहिला, तिसरा, पाचवा भरून तो पक्का झाल्यावरच दुसरा आणि चौथा उघडायचा. नवं काँक्रीट आणि जुना पाया यांमध्ये दोन-तीन इंच फट ठेवून ती नंतर कमी पाण्याच्या सिमेंट-वाळूने ठोकून भरायची असते. ती राहिली तर भार खाली उतरतच नाही आणि पैसे मातीत जातात. तिसरं, खड्डा पुन्हा त्याच काळ्या मातीने बुजवतात. तिथे मुरूमच हवा. काम पावसाळ्यात घेऊ नका आणि चार-पाच फुटांखाली फळ्यांचा आधार दिल्याशिवाय माणूस उतरवू नका. काळ्या मातीची कड न सांगता ढासळते.

आगाऊ रक्कम २० टक्क्यांच्या वर देऊ नका. बाकीची प्रत्येक टप्प्यागणिक द्या, फट भरल्याचा मोजपट्टी लावून काढलेला फोटो बघितल्यावर. भिंतीचे तडे आणि रंग सगळ्यात शेवटी. आज भरलेला तडा माती स्थिर होण्याआधी पुन्हा उघडतो.