अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर आईची सही पुरत नाही

वाशी येथील एका वाचक भगिनींनी कळवले आहे की, सिडकोने बांधलेल्या इमारतीतील त्यांचे घर पतींच्या नावावर होते आणि पती २०१७ मध्ये मृत्युपत्र न करता वारले. त्यांचा मुलगा ३१ वर्षांचा असून त्याला बौद्धिक अक्षमता आहे. जिल्हा रुग्णालयाच्या जुन्या दाखल्यावर ७५ टक्के असे नमूद आहे. २०१८ मध्ये एका एजंटाच्या सांगण्यावरून मुलाचा अंगठा आणि विवाहित मुलीची सही घेऊन आईच्या लाभात हक्कसोडपत्र नोंदवण्यात आले. आता संस्थेचा पुनर्विकास ठरला आहे, विकासकाचे वकील त्या अंगठ्यावर हरकत घेत आहेत, बँक मुलाच्या नावावरील मुदतठेव मोडू देत नाही, आणि पती केंद्र सरकारचे निवृत्त कर्मचारी असल्यामुळे आपल्या पश्चात मुलाला कुटुंब निवृत्तिवेतन मिळेल का, अशी त्यांना काळजी आहे.

ताई, आपण चार प्रश्न विचारले आहेत, परंतु त्यांची गाठ एकच आहे. मुलगा १८ वर्षांचा झाला त्या दिवशी आपले नैसर्गिक पालकत्व कायद्याच्या दृष्टीने संपले. त्यानंतर त्याच्या वतीने सही करण्याचा अधिकार आई म्हणून आपल्याला आपोआप मिळत नाही. तो अर्ज करून मिळवावा लागतो. असा अर्ज आपण तेरा वर्षांत केला नाही, हे मला स्पष्टपणे सांगावेच लागेल. पतींच्या निधनानंतर हक्कसोडपत्रासाठी मुद्रांक शुल्क, नोंदणी शुल्क आणि एजंटाचे पैसे खर्च झाले. त्याऐवजी तेव्हाच हा अर्ज झाला असता, तर आज विकासकाच्या वकिलांना बोट ठेवायला जागा राहिली नसती.

हा अर्ज राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ च्या कलम १४ खाली करायचा असतो. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार प्रकारच्या व्यक्तींना हा कायदा लागू आहे, त्यामुळे आपला मुलगा त्यात बसतो. (ज्यांच्या घरी स्किझोफ्रेनियासारखा मानसिक आजार किंवा वार्धक्यातील स्मृतिभ्रंश आहे, त्यांना हा मार्ग खुला नाही, त्यांनी हे उत्तर आपल्याला लागू आहे असे समजू नये.) पालकाची नेमणूक स्थानीय स्तर समिती करते. जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती अशी तिची रचना आहे. न्यायालयात दावा दाखल करावा लागत नाही.

येथे नवी मुंबईकरांची एक नेहमीची चूक होते. वाशी, नेरूळ, बेलापूर, ऐरोली हे भाग ठाणे जिल्ह्यात येतात, तर खारघर, कामोठे, पनवेल रायगड जिल्ह्यात येतात. आपण वाशीत राहता, म्हणून आपला अर्ज ठाण्याच्या समितीपुढे जाईल. पुनर्विकासाच्या काळात भाड्याने खारघरला जाण्याचा विचार असेल, तर त्याआधी अर्ज दाखल करावा. अन्यथा पत्त्याच्या पुराव्यावरून प्रकरण ठाणे आणि अलिबाग यांच्यामध्ये अडकून पडू शकते.

आता सर्वांत महत्त्वाचे. कलम १४ च्या तिसऱ्या पोटकलमानुसार समितीने दोन गोष्टी पाहायच्या असतात: त्या व्यक्तीला पालकाची गरज आहे का, आणि पालकत्व कोणत्या प्रयोजनांसाठी हवे आहे. या दुसऱ्या मुद्द्याकडे बहुतेक पालक लक्ष देत नाहीत. अर्जात ‘मुलाचा सांभाळ करण्यासाठी’ एवढेच लिहिले जाते, तशाच अर्थाचे प्रमाणपत्र हाती पडते, आणि पुढे बँकेत किंवा दुय्यम निबंधक कार्यालयात ते दाखवले की, यात मालमत्तेचा उल्लेख कुठे आहे, असा प्रश्न विचारला जातो. म्हणून आपल्या अर्जात प्रत्येक प्रयोजन स्वतंत्रपणे आणि पुरेशा तपशिलासह लिहावे. मुलाच्या नावावरील बँक खाते व मुदतठेवी चालवणे, कुटुंब निवृत्तिवेतन स्वीकारणे, वैद्यकीय उपचार व विमा यांसंबंधी कागदपत्रे करणे, आणि सदनिकेतील त्याच्या हिश्शापुरते पुनर्विकासाच्या करारावर सही करणे, ही सर्व प्रयोजने त्यात आली पाहिजेत. सदनिकेचा क्रमांक, संस्थेचे नाव आणि विकासकाच्या प्रस्तावाचा गोषवाराही अर्जासोबत जोडावा.

स्थावर मालमत्तेबाबत मात्र मी हातचे राखून सांगते. कलम १५ नुसार मालमत्तेची काळजी घेणे हे पालकाचे कर्तव्य आहे, परंतु केवळ नेमणुकीच्या आधारावर ती मालमत्ता विकता किंवा हस्तांतरित करता येते असे मी मानत नाही. पुनर्विकासात जुने घर देऊन नवे मिळते, ही विक्री नव्हे, असा युक्तिवाद करता येईल. तरीही सावध वकील स्वतंत्र परवानगी मागेलच. करारासाठीची विशिष्ट परवानगी त्याच अर्जात मागावी. समितीने ती देण्यास नकार दिला, तर न्यायालयात जावे लागेल, आणि तेथे किती काळ लागेल याचे आश्वासन कोणताही प्रामाणिक वकील देणार नाही.

हक्कसोडपत्राबाबत माझे मत असे आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार पत्नी, मुलगा आणि मुलगी या तिघांना पतींच्या मालमत्तेत समान, म्हणजे प्रत्येकी एक-तृतीयांश हिस्सा मिळाला. मुलगी सज्ञान व सक्षम असल्यामुळे तिचे हक्कसोडपत्र तिच्यापुरते टिकावे. मुलाला मात्र त्या दस्ताचा अर्थ आणि परिणाम समजत नसेल, तर भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ११ व १२ प्रमाणे त्याच्यापुरता तो दस्त शून्य ठरतो, आणि नोंदणी झाल्यामुळे त्यात प्राण येत नाही. नोंदणी अधिनियमाच्या कलम ३५ नुसार, दस्त करून देणारी व्यक्ती बौद्धिकदृष्ट्या अक्षम दिसत असेल तर नोंदणी नाकारणे हे निबंधकाचे काम होते. ते झाले नाही, याचा मला संताप येतो, कारण यात ज्याचा हिस्सा गेला तो बोलू शकत नव्हता. वारसांपैकी एकाची अशी अवस्था असताना, सगळ्यांच्या सह्या घेऊन घर आईच्या नावावर करून टाका, हा सल्ला देणाऱ्याने तुमचे काम सोपे केले नाही; त्याने तुमच्या मुलाच्या हक्काला धक्का लावला.

यावर उपाय म्हणून नवे हक्कसोडपत्र करू नये. पालक झाल्यावर मुलाच्या वतीने स्वतःच्याच लाभात त्याचा हक्क सोडणे हा सरळसरळ हितसंबंधांचा संघर्ष आहे. त्याचप्रमाणे मुलाकडून कुलमुखत्यारपत्र लिहून घेण्याचा सल्ला कोणी दिला, तर तोही धुडकावून लावावा. जो दस्त समजू शकत नाही, तो मुखत्यार नेमू शकत नाही. नव्या सदनिकेच्या करारात आपले आणि मुलाचे, मुलाच्या बाबतीत पालकामार्फत, अशी दोन्ही नावे आणि हिस्से स्पष्ट असावेत. संस्थेच्या शेअर सर्टिफिकेटवर केवळ आपले नाव आहे म्हणून आपण एकट्या मालक ठरत नाही. सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या नोंदीत काय बदल करावा लागेल, हे कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

पालक कोण असावे, याचाही विचार आजच करावा. आपण एकट्याच पालक झालात, तर आपल्यानंतर मुलगा पुन्हा आजच्याच स्थितीत येईल. मुलीची तयारी असेल, तर तिची लेखी संमती जोडून तिचे नावही अर्जात द्यावे. जावयांशीही मोकळेपणाने बोलून घ्यावे, कारण उद्या घर त्यांनाही चालवायचे आहे. आणि एक विनंती: मुलाला विचारल्याशिवाय हे ठरवू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १४ नुसार पालकत्व मर्यादित स्वरूपाचे असते आणि ते त्या व्यक्तीच्या इच्छेला धरून चालवायचे असते. करार त्याला समजणार नाही, पण कोणासोबत राहायला आवडेल हे तो सांगू शकत असेल, आणि त्याचे ते म्हणणे अर्जात लिहिलेले असावे.

बँकेचा प्रश्न प्रमाणपत्र मिळताच सुटायला हवा. स्थानीय स्तर समितीचे पालकत्व प्रमाणपत्र स्वीकारावे, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने २००७ मध्येच दिली आहे. शाखेने नकार दिल्यास तो लेखी मागावा.

कुटुंब निवृत्तिवेतनासाठी अपंगत्व पतींच्या हयातीत होते, हे सिद्ध व्हावे लागते, आणि आपल्याकडचा जुना दाखला तेथे मोलाचा आहे; तो लॅमिनेट करू नका, मूळ प्रत कोणाकडे सोपवू नका. आपण हयात असतानाच मुलाचे नाव पीपीओमध्ये (निवृत्तिवेतन अदा करण्याच्या आदेशात) समाविष्ट करून घ्यावे. मात्र उत्पन्नाची अट लक्षात ठेवावी. फेब्रुवारी २०२१ च्या आदेशानुसार मुलाचे इतर सर्व उत्पन्न दिवंगत कर्मचाऱ्याच्या अंतिम वेतनाच्या ३० टक्के आणि त्यावरील महागाई सवलत यांपेक्षा कमी असले पाहिजे. मुदतठेवींचे व्याज हे उत्पन्नच आहे. विकासकाकडून मिळणाऱ्या भाड्यातील त्याचा वाटा कसा धरला जाईल, हे पेन्शन कार्यालयाला लेखी विचारावे. प्रेमापोटी सगळ्या ठेवी मुलाच्या नावावर करणारे पालक या अटीचा विचार करत नाहीत.

कागदपत्रांत यूडीआयडी (दिव्यांगांचे देशभर चालणारे) ओळखपत्र नसेल, तर स्वावलंबन पोर्टलवर जुन्या दाखल्याच्या आधारे त्यासाठी लगेच अर्ज करावा. वाशीत महापालिकेचे दिव्यांगांसाठीचे ईटीसी (शिक्षण, प्रशिक्षण व सेवा) केंद्र आहे, तसेच खारघरला बौद्धिक अक्षमतेसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे. चाचण्या आणि मार्गदर्शन यांसाठी दोन्ही ठिकाणी विचारणा करावी. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो आणि त्यासाठी आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. वकिलाची फी परवडत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार दिव्यांग व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मुलाच्या नावाने अर्ज करावा, किंवा १५१०० या क्रमांकावर संपर्क साधावा.

समितीच्या दिरंगाईची भीती आपल्याला वाटेल, आणि ती खोटी नाही. कलम १३ नुसार समितीने तीन महिन्यांतून किमान एकदा बैठक घ्यायची असते. प्रत्यक्षात आधीच कामाने भरलेल्या अधिकाऱ्यांच्या तारखांवर सगळे अवलंबून राहते. अर्ज ऑनलाइन भरल्यावरही त्याची छापील प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात देऊन पोच घ्यावी. तीन महिने उलटले तर बैठकीची तारीख लेखी विचारावी, त्याची प्रत दिल्लीतील राष्ट्रीय न्यासाला आणि पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांना पाठवावी. त्यानंतरही हालचाल झाली नाही, तर उच्च न्यायालयात रिट याचिकेचा मार्ग आहे. विकासकाला मात्र आजच लेखी कळवावे की, मुलाच्या हिश्शापुरती सही पालकत्व प्रमाणपत्र मिळाल्यावर केली जाईल, आणि तोपर्यंत कोणीही त्याचा अंगठा घेऊ नये.

प्रमाणपत्र मिळाल्यावर सहा महिन्यांच्या आत मुलाच्या मालमत्तेची यादी समितीला द्यावी लागते आणि त्यानंतर दरवर्षी ३० जूनपर्यंत जमाखर्चाचा हिशेब सादर करावा लागतो. त्यासाठी मुलाचे बँक खाते आपल्या खात्यापासून पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावे, आणि ही जबाबदारी मुलीला आताच समजावून सांगावी.