केबल काढली, आता आषाढीची पूजा रेकॉर्ड कशी करू?

प्रश्न : आम्ही चिपळूणला असतो. केबल बंद केली, कारण दर महिन्याला पैसे जायचे आणि बघायचं काय तर सासूबाई सह्याद्री आणि मी बातम्या. माळ्यावर जुना काड्यांचा अँटेना आहे, तो चालेल का? आणि आषाढीला पंढरपूरची महापूजा लाइव्ह असते, ती सासूबाईंना हवीच असते पण आता जागरण झेपत नाही, तर ती रेकॉर्ड होईल का?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, अँटेना भंगारवाल्याला देऊन टाका. टॉवरवरून यायचं ते दूरदर्शनचं जुनं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण आता जवळपास सगळीकडे बंद झालंय. तुम्हाला हवंय ते डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची छत्रीवर दिसणारी फुकट सेवा, २००४ पासून आहे, आधी त्याला डीडी डायरेक्ट प्लस म्हणायचे. छत्री आणि बॉक्सचे एकदा काय ते पैसे द्यायचे, मग रिचार्ज वगैरे भानगड नाही. सह्याद्री त्यावर आहेच, बातम्याही आहेत. कोणाकडे जुन्या डीटीएचची छत्री गंजत पडली असेल तर बहुतेक वेळा तीच फिरवून चालते. उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्वेला, म्हणजे तुमच्याकडून छत्रीचं तोंड आग्नेयेकडे, आणि मध्ये नारळ येऊ देऊ नका.

बॉक्स घेताना एमपीईजी-४ (चित्र दाबून पाठवायची नवी पद्धत) वाला मागा, जुन्या एमपीईजी-२ बॉक्सवर काही चॅनल दिसतच नाहीत. नुसतं यूएसबीचं भोक बघून भुलू नका, काही बॉक्सांत ते फक्त गाणी वाजवायला असतं, दुकानातच पेनड्राइव्ह लावून रेकॉर्डचं बटण दाबून बघा. तासाला साधारण एक-दीड जीबी जातं, ३२ जीबीचा पेनड्राइव्ह भरपूर झाला. ४ जीबीला फाइल तुटून दुसरी सुरू झाली तर घाबरू नका, पेनड्राइव्ह फॅट३२ (फाइली साठवायची जुनी पद्धत) असला की तसं होतं. एक मात्र आहे, रेकॉर्डिंग चालू असताना सहसा दुसरं चॅनल लावता येत नाही.

आता टायमर. इथे मी स्वतः आपटलोय. पूजा पहाटे दोन-अडीचच्या सुमाराची, म्हणजे तारीख एकादशीची टाकायची, मी दशमीची टाकली आणि सकाळी पेनड्राइव्ह रिकामा, आईने दिवसभर तोंड फिरवलेलं. शिवाय बॉक्सच्या सेटिंगमध्ये टाइम झोन +५:३० आहे ना बघा, नाहीतर घड्याळ साडेपाच तास मागे आणि तुम्ही रेकॉर्ड करणार सकाळचं काहीतरी. बॉक्स रिमोटने स्टँडबायला ठेवायचा, भिंतीवरचं बटण बंद केलं तर संपलं. लाइट गेली तरी संपलंच, इन्व्हर्टर असेल तर बॉक्स त्यावर घ्या, टीव्ही बंद राहिला तरी चालतो.

आणि आषाढातला कोकणचा पाऊस तुम्हाला मी काय सांगू, धो धो सुरू झाला की चित्राचे चौकोन होऊन ते अडकणार आणि रेकॉर्डिंगमध्येही तसंच येणार, त्याला इलाज नाही. छत्रीवर एलएनबीला (पुढच्या दांडीवरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला) वायर जोडतात तिथे पाणी शिरू नये म्हणून टेप मात्र नीट गुंडाळून घ्या. नवमीच्या रात्री दहा मिनिटांची ट्रायल घ्या, आणि पेनड्राइव्हवर पोरांचे फोटो असतील तर आधी दुसरीकडे काढून ठेवा, काही बॉक्स पहिल्यांदा फॉरमॅट मागतात.