नकलेचा अर्ज कधी केलात?

एका शेतकऱ्याचं पत्र आलं आहे, त्याचा सारांश असा. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात, कनिष्ठ स्तरावर, चुलतभावाने यांच्याविरुद्ध चौतीस गुंठे जमिनीच्या ताब्याचा दावा लावला होता. गेल्या दिवाळीत त्याच चुलतभावाने न्यायाधीशांच्या घरी चांदीचं ताट, वाटी आणि पेला पाठवला. सराफाच्या दुकानात कामाला असलेल्या यांच्या भाच्यानेच तो डबा नेऊन दिला. 9 फेब्रुवारीला दाव्याचा निकाल यांच्याविरुद्ध लागला. 20 फेब्रुवारीला यांनी मुख्य न्यायमूर्ती, मुख्यमंत्री आणि पंतप्रधान यांना टपालाने तक्रारी धाडल्या. मे महिन्यात चुलतभावाच्या दरखास्तीची, म्हणजे निकालाची अंमलबजावणी मागणाऱ्या अर्जाची, नोटीस हातात पडली. आता विचारतात, "न्यायाधीशांवर कारवाई होऊन निकाल रद्द व्हायला अजून किती वाट पाहावी लागेल?"

वाट पाहू नका. त्या वाटेने निकाल रद्द होत नसतो.

अशी पत्रं मला वरचेवर येतात. म्हणून न्यायाधीशाने भेट घ्यावी की नाही यावर मी वेळ घालवत नाही. घेऊ नये, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि त्यांनाही. तुमच्या पत्रात मी शोधत होतो ती एकच गोष्ट तिसऱ्या पानाच्या तळाशी सापडली: निकालाच्या सही-शिक्क्याच्या नकलेसाठी तुम्ही 15 एप्रिलला अर्ज केला आणि 24 एप्रिलला नक्कल मिळाली. तुमचं सगळं प्रकरण या तारखेवर उभं आहे.

तालुक्याच्या दिवाणी न्यायाधीशाच्या हुकूमनाम्यावर, म्हणजे निकालावरून निघणाऱ्या अंमलबजावणीयोग्य आदेशावर, जिल्हा न्यायालयात अपील करायला मुदत कायद्याच्या परिशिष्टातल्या 116 व्या अनुच्छेदाने तीस दिवस दिले आहेत. नव्वद दिवस मिळतात ते उच्च न्यायालयातल्या अपिलाला. निकालाचा दिवस वगळून मोजा, तुमचे तीस दिवस 11 मार्चला संपले. नक्कल मिळवायला लागलेले दिवस त्याच कायद्याच्या कलम 12 प्रमाणे मुदतीतून वगळता येतात, पण मुदतीच्या आत अर्ज केला असेल तरच त्याचा उपयोग. शिवाय त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटलं आहे की, नकलेचा अर्ज करण्याआधी न्यायालयाला हुकूमनामा तयार करायला लागलेला वेळ वगळायचा नाही. "हुकूमनामाच तयार नव्हता, मग अर्ज कशाला करायचा?" असं तुम्ही लिहिता. अर्ज करायचा तो नेमका याच कारणासाठी. निकाल वाचून झाला की त्याच दुपारी नकलेचा अर्ज टाकायचा, हे मी पक्षकारांना वर्षानुवर्षं सांगत आलो आहे. तुमच्या वकिलांनी सांगितलं नाही की तुम्ही ऐकलं नाही, हे पत्रावरून कळत नाही. पण साधा अर्ज करायला पासष्ट दिवस लागले, याचा मला मनापासून राग आला.

तक्रारीमुळे मुदत थांबली असेल, ही तुमची समजूत चुकीची आहे. मुदत कायद्याच्या कलम 14 खाली चुकीच्या न्यायालयात प्रामाणिकपणे चालवलेल्या दिवाणी कारवाईचा वेळ वगळता येतो. मुख्य न्यायमूर्तींना टपालाने पाठवलेली तक्रार ही तशी कारवाई नाही. ती प्रशासकीय बाजूला जाते. तिथे उच्च न्यायालय बसतं ते राज्यघटनेच्या अनुच्छेद 235 प्रमाणे खालच्या न्यायाधीशांवर नियंत्रण ठेवणारी संस्था म्हणून. तुमच्या दाव्यातल्या साक्षीपुराव्याकडे तिथे कोणी पाहत नाही. उद्या चौकशी होऊन ते न्यायाधीश बडतर्फ झाले, तरी 9 फेब्रुवारीचा हुकूमनामा जागच्या जागी राहील आणि बेलीफ तो घेऊन तुमच्या बांधावर येईल. हुकूमनामा फिरवू शकतं ते अपील न्यायालयच.

तेव्हा अपील दाखल करा, सोबत मुदत कायद्याच्या कलम 5 खाली विलंब माफीचा अर्ज जोडा आणि अर्जाला प्रतिज्ञापत्र लावा. 'पुरेसं कारण' कशाला म्हणायचं याबाबत सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये कातिजी प्रकरणात उदार दृष्टी ठेवायला सांगितलं. पण त्यानंतरचे कितीतरी निकाल बरेच कडक आहेत, म्हणून विलंब नक्की माफ होईल असं वचन मी देणार नाही. तुमच्याजवळ एकच कारण आहे आणि ते खरं आहे: निकालानंतर अकराव्या दिवशीच तुम्ही दाद मागितली, फक्त चुकीच्या दारात. टपालाच्या पावत्या आणि पोचपावत्या जोडा. 11 मार्चपासून अपील दाखल होईपर्यंतच्या काळाचा तारीखवार हिशेब द्या. कोणीतरी तुम्हाला आजारपणाचा दाखला जोडायला सुचवलं आहे. ते अजिबात करू नका. भ्रष्टाचाराविरुद्ध उभा राहिलेला माणूस खोटा दाखला घेऊन न्यायालयात गेला, की त्याची खरी गोष्टही कोणी ऐकत नाही.

अपिलाला उशीर झाल्याने आणखी एक अडचण झाली आहे. तुम्ही मुदतीत गेला असता, तर हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीला लगेच स्थगिती मागता आली असती. विलंब माफीचा अर्ज निकाली निघेपर्यंत स्थगिती मिळणं फार कठीण, आणि असे अर्ज आपल्याकडे महिनोन् महिने तारखांवर फिरत राहतात. ताबा जायची वेळ आली असताना तीस दिवसांची मुदत चुकली म्हणून पक्षकाराला सहा-सहा महिने 'पुढील तारीख' मिळावी, याची मला अजूनही चीड येते. म्हणून पहिल्याच तारखेला तातडीचा अर्ज द्या आणि दरखास्तीची नोटीस दाखवा. दरखास्तीतही वकीलपत्र दाखल करून हजर राहा आणि म्हणणं द्यायला मुदत मागा. नोटीस घेऊन घरी बसू नका.

आता चांदीच्या ताटाकडे येतो. तुम्ही लिहिता, "तेव्हाच बोललो असतो, पण निकाल आपल्याच बाजूने लागेल असं वाटलं, म्हणून गप्प राहिलो." हे वाक्य वाचून मी पत्र बाजूला ठेवलं होतं. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत तुमच्याकडे तीन महिन्यांहून जास्त वेळ होता. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 24 खाली जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करून दावा दुसऱ्या न्यायालयात वर्ग करून घेता आला असता. मणकलाल विरुद्ध प्रेमचंद सिंघवी या 1957 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलं आहे की, पक्षपाताची शंका यावी अशी माहिती असूनही जो पक्षकार वेळेत हरकत घेत नाही, त्याने ती हरकत सोडली असं धरलं जाईल. निकाल आवडला तर चांगला, नाही आवडला तर न्यायाधीश वाईट, अशी दुहेरी सोय कायदा कोणालाच देत नाही. ताटाचा मुद्दा अपिलात जरूर घ्या, तुम्हाला कधी कळलं ती तारीख न लपवता घ्या, पण अपील त्याच्यावर टेकवू नका. पहिलं अपील घटना आणि कायदा या दोन्हींवर असतं. जिल्हा न्यायाधीश तुमचा पुरावा पुन्हा तपासू शकतात. दाव्याचा रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेच्या कामकाजाची नोंद, मागवा. कोणता अर्ज का नाकारला गेला, कोणता दस्त वाचलाच गेला नाही, हे त्यात दिसेल. चांदीचा विषय न काढताही निकाल फिरू शकतो, आणि माझ्या मते तोच तुमचा बळकट रस्ता आहे.

तक्रार मात्र सोडू नका. ती नव्याने, नीट करा. 2014 च्या ऑक्टोबरमध्ये देशाच्या सरन्यायाधीशांनी उच्च न्यायालयांना कळवलं आहे की, खालच्या न्यायाधीशांविरुद्धची तक्रार प्रतिज्ञापत्रासह आणि पडताळता येईल अशा पुराव्यासह असेल तरच तिच्यावर पुढे कारवाई करावी. तुमच्या तक्रारींवर प्रतिज्ञापत्र नाही, आणि खाली सही आहे 'एक त्रस्त शेतकरी' अशी. उत्तर आलं नाही याचं नवल नाही. तक्रार मुंबईला उच्च न्यायालयाच्या रजिस्ट्रार जनरलकडे पाठवा. दावा क्रमांक, तारीख, वस्तू आणि ती कोणाच्या हातात दिली, एवढं लिहा. भाच्याने स्वतःचं प्रतिज्ञापत्र द्यायला हवं, कारण डबा त्याने नेला, तुम्ही फक्त ऐकलं. सराफाच्या बिलाचा आणि डिलिव्हरीच्या वहीचा उल्लेख करा, पण दुकानातून काही उचलून आणू नका.

"ताट वहिनीसाहेबांना लक्ष्मीपूजनाचं म्हणून दिलं," असा बचाव होईल, असं तुम्हाला वाटतं. कदाचित होईल. 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वरिष्ठ न्यायमूर्तींसाठी जी आचारमूल्यं स्वीकारली, त्यात कुटुंबीय, जवळचे नातेवाईक आणि मित्र सोडून कोणाची भेट घेऊ नये असं आहे. न्यायाधीशांच्या वर्तनासाठीच्या आंतरराष्ट्रीय बंगळुरू तत्त्वांमध्ये न्यायाधीशाच्या कुटुंबीयांचाही समावेश होतो. बार असोसिएशनच्या समारंभातली शाल-श्रीफळ वेगळी आणि दावा चालू असताना पक्षकाराच्या घरून आलेली चांदी वेगळी. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचं कलम 11 तर याहून पुढे जातं. समोर चालू असलेल्या कामाशी ज्याचा संबंध आहे अशा माणसाकडून जाणूनबुजून फुकट लाभ घेणं हाच तिथे गुन्हा आहे. निकाल विकला गेला हे सिद्ध करावं लागत नाही. पण पोलीस ठाण्याची पायरी आत्ता चढू नका. न्यायाधीशावर गुन्हा नोंदवताना उच्च न्यायालयाच्या परवानगीचे प्रश्न येतात, आणि तुमच्याकडे आज तेवढा पुरावा नाही. नुसता निकाल चुकीचा आहे एवढ्यावर तर शिस्तभंगाची कारवाईही होत नाही.

कारवाई होतच नाही, असं मात्र समजू नका. सातारच्या जिल्हा व सत्र न्यायाधीशांवर जामिनासाठी पाच लाख मागितल्याच्या आरोपावरून लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने डिसेंबर 2024 मध्ये गुन्हा नोंदवला, आणि 2025 मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना सेवेतून काढलं. तिथे तक्रार निकालाच्या आधी झाली होती.

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुम्ही ताटाची गोष्ट न्यायाधीशांच्या नावानिशी टाकली आहे. ती आजच काढा. न्यायालय अवमान कायद्याचं कलम 6 खालच्या न्यायाधीशाविरुद्ध उच्च न्यायालयाकडे सद्भावनेने केलेल्या विधानाला संरक्षण देतं. ग्रुपला ते संरक्षण नाही.

आणि वकिलांच्या कारकुनाने अपिलासाठी "वरच्या साहेबांचं बघावं लागेल" म्हणून पंचवीस हजार मागितल्याचं तुम्ही ओझरतं लिहिलं आहे. ते देऊ नका. असे पैसे बहुतेक वेळा मागणाऱ्याच्याच खिशात राहतात. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 8 खाली देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावे लागले असतील, तर सात दिवसांत तपास यंत्रणेला कळवावं लागतं. मागणी झाली त्या दिवसाची नोंद लिहून ठेवा आणि वकिलांशी थेट बोला. उत्तर पटलं नाही तर वकील बदला, पण वकील शोधण्यात आणखी पंधरा दिवस घालवू नका. नक्कल, रोजनामा, टपालाच्या पावत्या आणि दरखास्तीची नोटीस घेऊन याच आठवड्यात सांगलीला जा.